तलावावरचा दहावा

नरहरी काका रिटायर झाल्यापासून दर थंडीत भिलाईच्या तलावावर बसून तिबेटातून आलेली बदकं बघायचे आणि त्यांना त्रास देणाऱ्या कावळ्यांना दगड मारायचे. त्यामुळे त्याच काठावर काकांचा दहावा झाला तेव्हा पिंडाला एकही कावळा शिवेना, यात कावळ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

"बाबा, आईले सांभाळीन," त्यांचा मुलगा ओमप्रकाश हात जोडून म्हणाला. "तुमची लॅम्ब्रेटा स्कूटरही विकत नाही."

कावळे झाडावरून हलले नाहीत.

वसुंधरा काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "यांचा जीव अडकून राहिला रे. आता कुठं कुठं भटकतीन हे?"

इतक्यात त्या पाहुण्या बदकांपैकी एक चक्रवाक पाण्यातून बाहेर आला, एवढ्या माणसांतून शांतपणे पिंडापर्यंत चालत गेला, त्यानं सगळा भात खाल्ला, काकूंकडे एकदा नीट बघितलं आणि उडून गेला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "पक्षी तो पक्षी. मिळाली गती, सुटले काका."

काकू रिकाम्या पत्रावळीकडे बघत राहिल्या.

 

"कायचे सुटले, गुरुजी? पुढच्या थंडीत वापस येतीन ना!"