गॅस बंद आहे का

साडेबाराला नवरा घोरायला लागला, तशी मी मोबाइल घेऊन पाय न वाजवता स्वयंपाकघरात निघाले. दिवसभर ऑफिस, मग इंडक्शनवर एकेक भांडं चढवत सगळ्यांचा स्वयंपाक. डोळे चुरचुरत होते, पण आत्ता झोपले असते तर डोळे उघडताच पुन्हा डबेच भरायचे होते. हे दोन तास माझे होते आणि ते मी कुणाच्या बापाला देणार नव्हते.

दिवा लावला, तर ओट्याला टेकून फरशीवर सासूबाई! कानात इअरफोन, समोर मोबाइलवर मालिका, मांडीवर चकल्यांचा डबा. आवाज होऊ नये म्हणून चकली चोखून खात होत्या. मला बघताच त्यांनी डबा पदराखाली घेतला.

"गॅस बंद आहे का, ते बघायला आले होते."

"मीसुद्धा तेवढ्यासाठीच आले, आई."

मग डबा हळूच पदराबाहेर आला.

"बस. पण माझ्याशी बोलायचं नाही हं. दिवसभर बोलून बोलून जीव गेलाय माझा."

आम्ही पाठीला पाठ लावून, आपापला मोबाइल बघत, चकल्या चोखत बसलो. लग्नानंतर सासूशी इतकं कधीच जमलं नव्हतं.

तेवढ्यात दारात सासरे उभे. बगलेत शब्दकोड्यांचं पुस्तक, कानावर पेन्सिल.

"गॅस बंद आहे!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. "झोपा जाऊन!"

"सिलिंडर कालच संपलाय," ते शांतपणे म्हणाले. "सरका जरा."