फेस येईना

करिश्मानं परीक्षानळी हलवली, थांबली, पुन्हा जोरात हलवली. साबणाचा चुरा नासलेल्या दुधासारखा फाटून पाण्यात तरंगत राहिला. फेस काही येईना.

शेखर सरांची नजर पहिल्या बाकाकडे गेली. आज वर्गातल्या बाकांवर आठवीच्या पोरांचे आईबाप बसले होते आणि पोरं भिंतीला टेकून उभी होती. कठीण पाणी आणि मृदू पाणी या धड्याचा पेपर घ्यायचाच नाही, असं सरांनी ठरवलं होतं. फरकाचे मुद्दे काय, कोणीही पाठ करून लिहितं. त्यापेक्षा ज्यानं त्यानं घरचं प्यायचं पाणी बाटलीत आणावं, सगळ्यांसमोर साबण टाकून, चमच्यात आटवून तपासावं आणि जे दिसलं ते सांगावं. मार्क त्यावरच. अंजनगाव सुर्जीच्या खालच्या अंगाला, खारपाण पट्ट्यातलं हे गाव. इथं विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. असल्या परीक्षेला याहून चांगलं गाव कुठं मिळणार?

आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. बोअरचं पाणी झालं, हातपंपाचं झालं. फेस नाही, चमच्यात पांढरा थर. लोक माना डोलावत होते. त्यांना ते जन्मापासून ठाऊक होतं. पण करिश्मानं आणलं होतं ते फिल्टरचं पाणी; त्याला फेस यायलाच हवा होता. तिच्या वडिलांचा, शालिकरामभाऊंचा, बसस्टँडजवळ पाण्याचा प्लँट होता आणि अर्धं गाव त्यांचेच गार कॅन घेत होतं. शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. पहिल्या बाकावर पायावर पाय टाकून बसले होते. मानधनावरच्या शेखर सरांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे त्यांच्याच शब्दावर ठरणार होतं.

करिश्मानं चमचा स्पिरिटच्या दिव्यावर धरला. पाणी खदखदलं, आटलं. तळाशी खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर उरला.

शालिकरामभाऊंनी पाय खाली घेतला.

"करिश्मा," सर घाईघाईनं म्हणाले, "बाटली बदलली असन तुही. दुसऱ्या कोनाची उचलली काय? थांब, दुसरं पानी घेऊ."

बोलून गेल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. भिंतीजवळची सगळी पोरं त्यांच्याकडे बघायला लागली होती. आठवडाभर हाच माणूस त्यांना सांगत होता, की मनासारखं आलं नाही म्हणून प्रयोग बदलायचा नसतो.

करिश्मानं मान हलवली. "नाई सर. आमच्याच कॅनमधलं हाय. म्या घरी बी दोन खेपा करून पाह्यलं."

अजूनही वेळ होता. चहा आला म्हणून सांगता आलं असतं. घंटा वाजवता आली असती. सरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मंग... काय दिसलं ते सांग."

"फेस नाई आला. चमच्यात खार उरला." तिचा एकेक शब्द सुटा पडत होता. "हे पानी बोअरचंच हाय. फक्त गार केलेलं हाय."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शालिकरामभाऊ उठले. टेबलाजवळ आले तेव्हा त्यांच्या मानेची शीर ताठली होती. सर नकळत अर्धं पाऊल पुढं सरकले, पोरीच्या आणि त्यांच्या मध्ये. पण भाऊंनी हात उगारला नाही. त्यांनी परीक्षानळी उचलली, तोंडावर अंगठा दाबला आणि स्वतः हलवली. बराच वेळ हलवली. आत नुसता चोथा फिरत राहिला.

"घरी काहून नाई सांगतलं?" ते हळूच म्हणाले. पण वर्ग इतका चिडीचूप होता की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"सांगतलं होतं, बाबा. तुमी म्हनले, एवढा उन्हाळा निघू दे, मंग मशीन दुरुस्त करतो."

भाऊंचा चेहरा एकदम उतरला. तिनं हे लोकांना ऐकवायला म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं होतं. ते सरांना दिसलं, आणि भाऊंनाही.

तिसऱ्या बाकावरून पार्बताबाई उठल्या. नातवाची परीक्षा बघायला आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची किडनी खराब झालेली. अकोल्याच्या डॉक्टरनं गावातलं पाणी बंद करायला सांगितलं, तेव्हापासून प्लँटवरचा कॅन त्या स्वतः कमरेवर घेऊन घरी न्यायच्या. अख्ख्या गावानं ते बघितलेलं होतं.

त्या भांडायला उठल्या नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"शालिकराम, मंग म्या बुढ्याले इतके दिवस काय पाजलं रे?"

भाऊंनी परीक्षानळी मुठीत आवळली. दोन-तीन बाया उठून उभ्या राहिल्या. एक माणूस चप्पल शोधत बाहेर गेला, आणि बाहेर तो कोणाला तरी मोठ्यानं हाक मारत असल्याचं ऐकू आलं. काही वेळातच हे गावभर होणार होतं.

"झालं तुहं, करिश्मा," सर म्हणाले. "जाय, जाग्यावर जाय."

ती गेली नाही. तिनं बापाच्या मुठीतून परीक्षानळी सोडवली, स्टँडमध्ये नीट उभी केली. मग ती त्याच्या बाजूला, त्याच्या बाहीला खांदा लागेल इतकी जवळ, लोकांकडे तोंड करून उभी राहिली.