ठिपक्यांचा खेकडा

ओहोटीला नोमुका बेटावरच्या बायका खडकांत शिंपले वेचत होत्या. नऊ वर्षांच्या तालाहिवाने कपारीतून मुठीएवढा, ठिपक्यांचा खेकडा काढला.

"टाक तो आधी!" फुसी आत्या ओरडली. "विषारी आहे. भाजला, उकडला, तरी विष जात नाही."

"तू खाल्लायस?"

"नाही."

"मग आजीनं?"

"नाही गं बाई!"

"म्हणजे कुणीच खाल्ला नाही आणि सगळे नुसतेच घाबरतात!"

आत्या टोपली ठेवून खडकावर बसली. "तुझं नाव कुणी ठेवलं?"

"तू. आत्यानंच ठेवायचं असतं ना?"

"ते माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. तुझ्याएवढीच होती. आम्ही दोघींनी इथंच जाळ करून असला एक खेकडा भाजला. संध्याकाळच्या आत ती गेली."

तालाहिवाने खेकडा हळूच पाण्यात सोडला. हात दोनदा धुतले. तरी तिला राहवेना.

"आत्या, तिला लागला कसा गं?"

"गोड म्हणाली. एक नांगी माझ्यासाठी काढून ठेवली होती तिनं. ती निवायची वाट बघत बसले होते मी."