लव्हाळ्यातली वाट

"एवढंच?" नाब्विरेनं विचारलं.

"एवढंच, मावशी." चौकीतल्या मुलीनं शिक्का मारून कागद खिडकीतून पुढे सरकवला. "शेजारच्या देशांचा आपसात करार झालाय. युगांडाची सुकी मासळी केनियात न्यायला आता जकात नाही. टोपली उचला, मागे रांग आहे."

चाळीस वर्षं मासळी विकणारी नाब्विरे बुसियाच्या सरहद्दीवरच्या मोठ्या फाटकातून आज पहिल्यांदा ताठ मानेनं पलीकडे गेली. कुणी हटकलं नाही. नऊ वाजायच्या आत टोपली रिकामी झाली. पूर्वी या वेळेला ती आणि तिची मैत्रीण अजियाम्बो जकात चुकवत पाणथळीत कमरेइतक्या चिखलात उभ्या असायच्या, डोक्यावर मासळी घेऊन.

घरी जायचं सोडून तिचे पाय तिकडेच वळले. चोरवाट गवतानं पार बुजली होती. काठावर एक म्हातारा गाय चारत बसला होता. अंगावर वर्दी नव्हती, तरी तिनं ओळखलं. गस्तीवरचा शिपाई एमोजोंग. ती जागच्या जागी थबकली.

"आता कशाला घाबरतेस?" तो म्हणाला. "साधी शिट्टीही नाही माझ्याकडे. ती उंच कुठाय, तुझी जोडीदारीण?"

"अजियाम्बो गेली, साहेब. दोन वर्षं झाली. फाटकातनं जायचं तिच्या नशिबी नव्हतं."

त्यानं गायीचं दावं जवळ ओढलं. मग म्हणाला, "तुम्ही लव्हाळ्यात दडलेल्या असायच्या, ते मला कळायचं."

"मासळीचा वास यायचा ना?"

"वास काय, सगळ्यांनाच यायचा. मला गाणं ऐकू यायचं. भीती जावी म्हणून कुजबुजत गायचात तुम्ही. ते संपेपर्यंत मी आपला बुटातली माती झाडत बसायचो."

नाब्विरेला हसू फुटलं. "आम्हाला वाटायचं, शिपाई आळशी आहे. अजियाम्बो तर तुम्हाला अजगरच म्हणायची."

"म्हणायचीच ती." तोही हसला. "ते गाणं म्हण ना एकदा."

"अर्धंच येतं मला. ओळ ती टाकायची, मी नुसती झेलायचे."

"मग अर्धं म्हण."

नाब्विरेनं टोपली खाली ठेवली. आधी ती गप्प राहिली, अजियाम्बोच्या ओळीपुरती. मग हलक्या आवाजात तिनं आपली ओळ म्हटली, आणि पुन्हा थांबली.