कादंबरी वाचणारी बाई

शिंप्याने मशीन थांबवलं, मोबाइलचा आवाज वाढवला आणि बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. झालं, आली ती बाई!

ती बाई कादंबरी वाचत होती. अंधांसाठी कधीतरी रेकॉर्ड केलेली. नावाड्याची बायको घर सोडते त्या पानावर बाईचा गळा भरून यायचा आणि शिंपी हातातल्या अस्तरालाच डोळे पुसायचा. रोज. जणू तो नावाडी याचा सख्खा भाऊ!

"ऐकलंस? इथे आवाज कसा कापतो बघ," तो म्हणाला.

बायकोने कॉलरवर इस्त्री आपटली.

वरच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेली शेजारीण ब्लाउज टाकायला आली होती. "अबोला चाललाय वाटतं?" तिने हळूच विचारलं.

"मोठा अबोला आहे," म्हणत शिंप्याने माप घेतलं.

खरं तर कादंबरी आधी बायकोची. लग्नानंतर तिनेच त्याला तिचं वेड लावलं. आता मात्र तिला त्यातलं एक पानही नकोसं झालं होतं. त्या बाईचा तिला मनापासून मत्सर वाटायचा.

दुपारी नणंद आली. "दादा, वहिनीसमोर तरी नको लावूस ते. तिला काय वाटत असेल?"

"काय वाटायचंय? आवडती कादंबरी आहे माझी."

"कादंबरी आवडते की बाई?"

शिंपी खाली मान घालून काजं करत राहिला. स्वयंपाकघरात बायकोने सगळं ऐकलं, गळ्याचा रुमाल घट्ट केला आणि ताटावर चमचा वाजवला. हल्ली जेवायला बोलवायची तिची हीच रीत होती.

जेवून नणंद गेली. शिंपी शिवलेले कपडे पोचवायला गेला आणि मोबाइल मशीनवरच विसरला.

बायकोने तो उचलला. रेकॉर्डिंग पुसण्याआधी एकदा ऐकलं. मेली काय खणखणीत बोलते! मध्येच हसते काय, कुजबुजते काय. अशा आवाजापुढे कोण टिकणार? तिचे डोळे भरून आले. तिने बोट ठेवलं. 'नक्की पुसायचं?' मोबाइलने विचारलं.

दारात शिंपी उभा होता. त्याने मोबाइल हिसकावला नाही.

"इतका त्रास होत असेल तर पूस," तो म्हणाला. "पण ऑपरेशनच्या आधीचा तुझा आवाज माझ्याकडे दुसरा नाही."