पायऱ्यांवरच्या लाल पट्ट्या

धाकटी सून गुडघ्यांवर बसून जिन्याच्या पायऱ्यांना लाल पट्ट्या चिकटवत होती आणि सासू वरच्या पायरीवरून तिच्यावर पाळत ठेवून होती.

"आता हे काय नवीन?"

"फेंगशुई, आई. लाल रंग असला की ऊर्जा खाली घरंगळत नाही." धाकटीनं दातांत धरलेली पट्टी काढली. "सुट्टीत अकरा माणसं येणार. सामान कमी तर कटकट कमी. यंदा कुणाच्याच डोक्याला ताण नको."

सासूच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या पंधरवड्यात त्या ऊर्जेनं घरातलं बरंच काही गिळलं होतं. पॅसेजमधलं स्टूल गेलं. सासूनं स्वतः चिंध्या जोडून शिवलेली सतरंजी गेली. पांढऱ्या टेबलावरचे पांढरे कप गेले, त्यांच्या जागी गडद निळे आले. न्हाणीघरात असा लख्ख दिवा लागला की साबणालाही लाज वाटावी. मांजराच्या गळ्यात घंटा आली, त्याची ऊर्जा म्हणे उलटी फिरत होती. जे जे गेलं, ते सगळं सासूचं होतं. पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं. मांजराला निदान घंटा तरी मिळाली.

खालच्या दुकानात ती चाळीस वर्षं काजं घालत आली होती. तिच्या काजात बटण घालावं लागत नाही, ते आपणहून जातं, असं सगळी गल्ली सांगायची. पण सहा महिन्यांपासून जिथं बघावं तिथंच मधोमध धुकं यायचं. माणसांना नाक नसायचं, सुईला नेढं नसायचं. धुकं जाणार नाही, वाढेल, एवढंच डॉक्टर म्हणाला. ती फी देऊन घरी आली आणि कुणापाशी बोलली नाही.

कारण थोरला मुलगा. गेल्या सुट्टीत दुकानात उभा राहून तो म्हणाला होता, "आई, डोळे थकले की सांग. दुकान विकू आणि तुला आमच्याकडे नेऊ, बाराव्या मजल्यावर." तो हे मनापासून म्हणाला होता, हीच खरी पंचाईत. बाराव्या मजल्यावर ती काय करणार होती, ढगांना काजं घालणार? तेव्हा यंदाचे आठ दिवस त्याला पत्ता लागू न देता काढायचे होते.

त्यात परवा धाकटी फोनवर नवऱ्याशी कुजबुजताना तिनं ऐकलं. "थोरल्या भाऊजींना यातलं काही कळता कामा नये. ते यायच्या आत सगळं उरकते."

मग तर संशयाला जागाच उरली नाही. बिंग कुणाचं तरी फुटणारच असेल, तर ते आपलं नको, असं सासूनं ठरवलं. थोरला आला की पुस्तकच त्याच्या हातात द्यायचं. पिठाच्या डब्यामागे धाकटी ते लपवून ठेवायची. सोनेरी कव्हरवर एवढं गलेलठ्ठ कासव होतं की धुक्यातूनसुद्धा दिसावं. पाहुणे यायच्या दिवशी दुपारी सासूनं ते शालीखाली घेतलं आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेली. आधी आत काय आहे ते कळायला हवं होतं.

"चष्मा विसरले. जरा वाच."

"काकू, गेल्या खेपेलाही विसरला होतात." पण त्यानं इस्त्री उभी केली आणि पुस्तक उघडलं. मिटलं. कासवाकडे पाहिलं. पुन्हा उघडलं. "कव्हर फेंगशुईचं आहे. आत भलतंच आहे."

"वाटलंच मला. वाच."

त्यानं ओळीखाली बोट धरलं. "'नजर अधू झालेल्या माणसाचं घर कसं असावं. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावावी. वाटेतलं स्टूल, सतरंजी काढावी. घरात मांजर असल्यास त्याच्या गळ्यात...'" तो थांबला. "पुढं वाचू?"

सासूनं मान हलवली.

"इथं बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय. 'आईंना कळू द्यायचं नाही.'" त्यानं पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं आणि कुणाची तरी बाही पसरली. "माझं लक्ष कपड्यांत होतं, काकू. मी काही वाचलं नाही."

संध्याकाळी दोन गाड्या भरून अकरा माणसं आणि बावीस बॅगा आल्या. सासू जिना उतरून सामोरी आली, कठड्याला हात न लावता, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर.

थोरल्याची नजर पायऱ्यांवर गेली. "जिन्याला हे काय लावलंय?"

चहा ओतता ओतता धाकटीचा हात थांबला.

"फेंगशुई," सासू म्हणाली. "बॅगा वाटेत ठेवू नकोस. ऊर्जा अडते."

"आई, तू हे असलं मानतेस?"

"मानायला लागले." ती टेबलाशी बसली आणि पहिल्याच झटक्यात निळा कप उचलला. मग तिनं स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड वळवलं. "काय गं, सुयांबद्दल काही लिहिलंय का तुझ्या त्या पुस्तकात?"

धाकटीनं पिठाच्या डब्याकडे पाहिलं. डब्यामागून कासव डोकावत होतं. ती नेहमी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची.

"लिहिलंय ना, आई," ती म्हणाली. "रोज सकाळी दहा सुयांत दोरा ओवून ठेवायचा. सुनेनं."