मुकी पेटी

"पेटी मधेच मुकी होते हो," वत्सलाबाई म्हणाल्या.

दिगंबर मेस्त्रींनी भाता तपासला, एकेक सूर वाजवून पाहिला. सगळं ठणठणीत होतं.

"तुम्हीच वाजवा बरं."

बाईंची बोटं पट्ट्यांवर सराईतपणे धावू लागली. भाता श्वास घेत होता, पण आवाज म्हणून नव्हता. कोपऱ्यातल्या पाळण्यात मघापासून टाहो फोडणारी मेस्त्रींची अकरा दिवसांची नात मात्र एकदम गप्प झाली आणि पेटीकडे टक लावून पाहू लागली. बाई थांबल्या, तशी ती पुन्हा रडायला लागली.

मेस्त्रींनी नातीकडे पाहिलं, मग पेटीकडे. "ही चाल कुणाची?"

"आमच्या ह्यांची. बोटांना तेवढी आठवते."

बाईंचे यजमान असलेल्या बुवांच्या सगळ्या रचनांवर वीस वर्षांपूर्वी बंदी आली होती. त्याच वर्षी, गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून, सरकारने प्रत्येकाच्या कानांत तांदळाएवढा कण बसवला होता. तान्ह्या बाळांना तो बाराव्या दिवशी, कान टोचतानाच बसवत. तो कण नेमकं काय गाळतो, हे मेस्त्रींना आत्ता कळलं.

त्यांनी नातीला उचलून पेटीजवळ आणलं.

"पेटीत काही बिघाड नाही, बाई. तुम्ही वाजवत राहा," ते हलकेच म्हणाले. "उद्या हिचे कान टोचायचेत."